प्रॉसरचं बिनफळाचं झुडूप

अल्बर्ट प्रॉसर झाडावर वाघ आणि जमिनीवर शेळी. सफरचंदाच्या झाडाच्या शेंड्यावर बसून, झाडांच्या फांद्यांवरच उगवणाऱ्या मिसलटोचे झुबके आकडीनं ओढताना गळा फाडून गायचा. खाली उतरल्यावर शेजारीण हेटी गिटिन्स समोर आली, की गाणं घशात अडकलंच! बासष्ट वर्षांचा गडी, पण कान लाल व्हायचे.

टीम नदीच्या वरच्या टेकडीवर घरं दोनच, याचं आणि हेटीचं. मध्ये कुंपण. गावाची रीत अशी, की नाताळात दाराला मिसलटो टांगायचा, त्याखाली मुका घ्यायचा आणि दर मुक्याला त्याचा एक पांढरा मणी, म्हणजे फळ, तोडायचा. मणी संपले की मुकेही संपले. अल्बर्टनं मनाशी पक्कं केलं होतं: हेटीला मागणी घालायची ती स्वतःच्या हातानं रुजवलेल्या झुडपाखालीच. सात वर्षांपूर्वी त्यानं मिसलटोची चिकट बी आणून कुंपणालगतच्या सफरचंदाच्या सालीवर चोळली होती.

झुडूप तर असं फोफावलं, की पाहत राहावं! पण मणी? एकही नाही.

गावातल्या गुत्त्याच्या मालकानं, वॉल्टरनं, वर पाहिलं आणि पोट धरून हसला. "अरे अल्बर्ट, नर आहे हा! फळं मादीला येतात. जन्मभर मिसलटो तोडलास, आणि सात वर्षं बाप्या पोसलास?"

"बी बघून कोणाला कळतं रे!"

"मग यंदाही हेटीला नुसता हात हलव!"

नाताळच्या आदल्या सकाळी अल्बर्ट खट्टू होऊन शिडी आवरत होता. एवढ्यात कुंपणाचं फाटक करकरलं. हेटी! हातात मावेना एवढा झुबका, मण्यांनी लगडलेला.

"अहो प्रॉसर, मोठ्या वादळात खालची झाडं पडली, त्यांवरचे नर मिसलटोही गेले, तेव्हापासून माझ्या मादी झुडपाला नुसती पानं. अकरा वर्षं! आणि यंदा हे बघा. मी म्हटलं, ही करणी कोणाची?" तिनं त्याच्या झाडाकडे बोट केलं. "वसंतात तुमचं झुडूप पहिल्यांदा फुललं. माश्या त्याचे पराग घेऊन इकडून तिकडे नुसत्या धावत होत्या. तुमच्यापेक्षा धीट!"

अल्बर्टचे कान पेटले. "म्हणजे यातले अर्धे मणी माझे?"

"अर्धे का? शिडी लावा, दारावर टांगा, आणि सात वर्षं तोंडात धरलेलं बोला एकदाचं. चुलीवर माझं पुडिंग उकळतंय."

त्यानं आपल्या दारावर टांगला. बोललासुद्धा, शिडीच्या दुसऱ्या पायरीवरूनच, कारण उंचावर त्याला धीर यायचा. हेटी "हो" म्हणाली आणि पहिला मणी तिनंच तोडला.

दुपारी वॉल्टर चिडवायला म्हणून टेकडी चढून आला. झुबक्याला नुसती पानं उरलेली, उंबऱ्यावर मण्यांचा सडा, आणि हेटीच्या घरातून जळक्या पुडिंगचा वास. चूल विझवायला कोणी गेलंच नव्हतं.