गरीब राहण्याची अट

होस्टेलच्या ऑफिसात फोन आला तेव्हा मी मेसमध्ये जेवत होते. पलीकडे आमच्या शेजारचे भिकनकाका होते. "ताई, निघ तू," एवढंच बोलले आणि फोन ठेवला. मी ताट तसंच सोडून स्टेशन गाठलं. बडोद्याहून सुरत काही लांब नाही, पण उधन्याला उतरून नवागामच्या गल्लीत पोहोचेपर्यंत आप्पांना बाहेर आणून ठेवलेलं होतं... त्याला आता महिना होऊन गेला.

आप्पा, माझे वडील, अमळनेरकडचे. लग्नाआधीच सुरतेला आले आणि यंत्रमागापुढे उभे राहिले ते कायमचे. मी पाचवीत असताना शहरातल्या एका बड्या इंग्रजी शाळेनं कामगारांच्या मुलांसाठी मोजक्या बिनफीच्या जागा काढल्या, त्यातली एक मला मिळाली. वर्गातल्या मुलींचे काका-मामा परदेशात, अँटवर्पला हिऱ्यांच्या धंद्यात. त्या सुट्टीत तिकडे जात, मी आईबरोबर साड्यांना टिकल्या लावत बसे. शाळेनं मला वाईट वागवलं असं मी म्हणणार नाही. फक्त दर जूनमध्ये आप्पांना उत्पन्नाचा दाखला घेऊन ट्रस्टींसमोर उभं राहावं लागे. कमाई ठरलेल्या मर्यादेवर गेली की सवलत बंद. अर्धीमुर्धी नाही, सगळीच. "हजी त्यां ज छो ने, भाई?" ट्रस्टीसाहेब विचारत. अजून तिथंच आहात ना? "हा साहेब, त्यां ज छुं," आप्पा सांगत, आणि साहेब समाधानानं सही करत. माणूस आहे तिथंच राहिला याचं एवढं समाधान मी दुसरीकडे कुठं पाहिलं नाही.

मी नववीत गेले त्या वर्षी आप्पांचा खोकला वाढला. डॉक्टर म्हणाले, छातीत धूळ बसलीय, माग सोडा. त्याच सुमारास पर्वत पाटिया भागातल्या एका कापडव्यापाऱ्यानं त्यांना दुकानात बोलावलं. पंख्याखाली बसून ताके तपासायचे, पगार थोडा जास्त. तो 'थोडा जास्त'च नडला. तेवढ्यानं आम्ही मर्यादेबाहेर जात होतो, आणि शाळेची फी त्या वाढीच्या कितीतरी पट. व्यापारी भला माणूस. म्हणाला, वरचे पैसे कागदावर दाखवत नाही. पण ट्रस्टीही त्याच कापडबाजारातले. आज ना उद्या कुणीतरी आप्पांना त्या गादीवर बसलेलं पाहिलंच असतं. आप्पा नाही म्हणून घरी आले.

"मी म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत जाते," मी म्हणाले. "तिथंही शिकवतातच की."

"तुनं काय जास वं? तू शीक," आप्पा म्हणाले.

आई भडकली. "तिचं काही जात नाही. तुमचं काय जातंय, ते कोण पाहणार?"

आप्पांनी डबा उचलला आणि कामावर गेले.

माझी बारावी होईपर्यंत ते मागावरच होते. निकालानंतर मला बडोद्याला शिष्यवृत्ती मिळाली, तेव्हा ते आपणहून पर्वत पाटियाला गेले. जागा कधीच भरली होती. व्यापाऱ्यानं त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाला, "पहिले तबियत सुधारो, भाई." बाजाराच्या जिन्यावर धाप लागून बसलेल्या आप्पांना भिकनकाकांनीच रिक्षात घालून घरी आणलं. त्यानंतर ते मागावरही जाऊ शकले नाहीत.

दिवाळीत मी घरी होते. ती आमची शेवटची भेट. न राहवून विचारलं, "आप्पा, तेव्हा ते दुकानातलं काम घ्यायला हवं होतं का?" मला वाटलं होतं, ते हसतील, नाही म्हणतील, तुझ्या शिक्षणापुढं काय, असं काहीतरी बोलतील. ते बराच वेळ श्वास गोळा करत राहिले...

"लेवाले पाहिजे व्हतं," ते म्हणाले. "बसाले तरी भेटतं."

भेटायला येणारे मला सांगतात, बापानं पोरीचं सोनं केलं. मी मान हलवते. त्यांना बसायला हवं होतं, एवढंच मला माहीत आहे.

मागांच्या खडखडाटात आप्पांचे कान फार आधीच गेले होते, म्हणून आमच्याकडे साधं बोलणंही भांडल्यासारखं चाले. आई अजून तशीच बोलते. परवा सकाळी चहा गाळता गाळता ती ओरडली, "चहा झाला हो!" समोरच्या घरातली बाई दारात येऊन पाहू लागली. घरात मी एकटीच होते, आईपासून हातभर अंतरावर.