यादीतला सहावा

मालननं माझ्या तोंडात मारली तो दिवस एकोणीसशे शहाऐंशीच्या मार्चमधला. का मारली, हे कळायला मला दोन वर्षं लागली.

मरोळला औषधाच्या एका कंपनीत आम्ही पॅकिंगला होतो. पंधरा-सोळा बायका, एक लांबलचक टेबल, डोक्याला टोप्या. गोळ्यांची पाकिटं मोजून खोक्यात भरायची, एवढंच काम. आमच्यात मालन सगळ्यांत जुनी. मूळची देवगडकडची, वय बेचाळीसच्या आसपास, लग्न झालेलं नाही. गुंदवलीला भावाच्या घरी राहायची, सहा दिवस त्या घराचं सगळं करायची आणि रविवारी दुपारी साडी बदलून एकटीच थेटरात जाऊन बसायची. तेव्हा बाईमाणूस एकटं पिक्चरला आलं की लोक वळून बघायचे. ती म्हणायची, "बघू देत. मी काय त्यांना बघायला नाय आले."

डिसेंबरच्या शेवटच्या शनिवारी जेवणाच्या सुट्टीत मालनची यादी व्हायची. वर्षभरात तिला आवडलेले पाच पिक्चर. खोक्याच्या पुठ्ठ्यावर मार्करनं लिहून कॅन्टीनच्या खिडकीत उभी करायची. नावं तिच्या लक्षात राहत नसत, म्हणून ती स्वतःच ठेवायची. पंच्याऐंशीच्या यादीत पहिला होता 'विहिरीवाला'. का, तर त्यातली आई पिक्चरभर एक शब्द बोलत नाही. दुसरा 'पोलीस भावाचा', कारण त्यात हिरोची बहीण चुलीपुढे बसून भाकरी थापते. "त्या बाईला खरंच भाकरी येते," मालन म्हणाली. "पीठ कुठनं ओढते बघा. बाकीच्या नुसत्या टाळ्या वाजवतात." तिसरा 'दोन बॅगांचा', हसून पोट दुखलं म्हणून. चौथा आणि पाचवा आता मला आठवत नाहीत.

हिरोकडे तर सगळेच बघतात, ती मागे बघायची. मागचं घड्याळ एका शॉटात तीन आणि दुसऱ्यात सव्वापाच दाखवतं, वरातीतला माणूस चपला न घालता निघतो आणि मांडवात बूट घालून पोचतो, असलं सगळं तिला दिसायचं. आणि म्हणून यादीत पाचच्या खाली एक सहावा असायचा. त्याला ती 'फजितीचा' म्हणायची. वर्षातली सगळ्यांत मोठी चूक ज्यात सापडली तो पिक्चर. खरं सांगायचं तर आम्ही सगळ्या त्या सहाव्याचीच वाट बघायचो, कारण ती ते करून दाखवायची.

त्या वर्षी आमच्यात जानकी नवीन होती. दुसऱ्या खात्यातून दिवाळीनंतर आलेली, मालवणची, कमी बोलणारी. मरोशीला आरे कॉलनीच्या कडेला राहायची. नवरा गिरणीत होता आणि संपानंतर घरी बसला, एवढंच तिनं सांगितलेलं. त्या शनिवारी सकाळी टेबलावर तिनं आपणहून विचारलं, "मालनताई, तो डाकूंचा पिक्चर आहे का गं तुझ्या यादीत?"

"आहे म्हणजे? असणारच!" मालन म्हणाली. "जेवणाच्या सुट्टीत बघ तू."

जानकी सकाळभर हसऱ्या तोंडानं काम करत होती. एरवी मुकी असणारी बाई मला म्हणाली, आज डब्यात घावणे जास्तीचे आणलेत, सगळ्यांना पुरतील.

पाच पिक्चर झाले. मग मालन बाकावर आडवी झाली. "सहावा, खाटेवरचा," तिनं जाहीर केलं. "डाकूंनी गाव लुटलाय. मेलेली माणसं पडलीयत. हिरो आकाशाकडे हात करून ओरडतोय, बदला, बदला! आणि त्याच्या मागे खाटेवर एक मेलेला माणूस आहे. मोनिका, तो एप्रन टाक गं माझ्यावर."

मोनिकानं एप्रन टाकला. मालननं डोळे मिटले, जीभ थोडी बाहेर काढली आणि पोट फुगवलं. खाली सोडलं. परत फुगवलं. वर, खाली, भात्यासारखं. मधेच अंग गदागदा हलवून खोकला दाबल्यासारखं केलं. "मेल्यावर ह्याला सर्दी झाली," ती डोळे न उघडताच म्हणाली.

आम्ही हसून हसून लोळायच्या बाकी होतो. मोनिकाच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी टेबल बडवत होते. कॅन्टीनवाला आतून बघायला आला, त्याच्यासाठी मालननं परत करून दाखवलं.

जानकीचा डबा उघडलाच नाही, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं नाही. मालनच्याही नाही. मागचं सगळं बघणारी बाई ती, पण त्या दिवशी तिचे डोळे मिटलेले होते.

पुढचं मी पाहिलेलं नाही. मालननं मला नंतर सांगितलं तसं सांगते.

जानेवारीत एका संध्याकाळी ती मरोळ नाक्याच्या बाजारात गेली होती. बसस्टॉपवर जानकी उभी होती. शेजारी एक बारका माणूस खांबाला हात टेकून उभा. कानाखाली मोठा काळा मस. मालनला वाटलं, ह्याला आपण कुठे तरी पाहिलाय. मग तो खोकला, अंग गदागदा हललं, आणि दम घेताना शर्टाखाली त्याचं पोट वर-खाली व्हायला लागलं. तिला जागच्या जागी कळलं. ती मागे वळणार, तेवढ्यात जानकीनं तिला बघितलं.

"ह्या मालनताई," जानकी नवऱ्याला म्हणाली. "पिक्चरवाल्या."

माणसाचा चेहरा फुलला. त्याचं नाव दशरथ. "तुमच्या यादीत आमचो पिक्चर होतो म्हणे! हिना सांगितलान माका. कितवो नंबर?"

 मालननं जानकीकडे बघितलं.

"सहावा," जानकी म्हणाली.

"सहावो?" त्यानं मनात हिशोब केल्यासारखं केलं. "वर्साचे येवढे पिक्चर, त्यात सहावो. वायट नाय!" आणि मालनला म्हणाला, "रयवारी घराकडे येवा ताई. चाय घेवक. पिक्चराबद्दल बोलणारा माणूस गावत नाय माका."

मालननं त्या रविवारी पिक्चर बुडवला. सगळं सांगून माफी मागायची, असं ठरवूनच ती मरोशीला गेली. वाटेत दोनदा तिनं वाक्य जुळवून म्हणून बघितलं.

दशरथनं तिला खुर्ची दिली आणि स्वतः खाली बसला. गिरणीत तो वीस वर्षं कार्डिंग खात्यात होता. कापूस पिंजला जातो तिथे हवेत सगळी कापसाची धूळ, ती छातीत बसलेली. संप फिसकटल्यावर परत बोलावणं आलं नाही. आरेच्या पलीकडे फिल्मसिटीत गर्दीतली माणसं लागतात, असं शेजाऱ्यानं सांगितलं म्हणून तो जाऊ लागला. कधी वऱ्हाडी, कधी हवालदार, कधी बाजारातला भाजीवाला. पण एकट्यानं कॅमेऱ्यात दिसायचा चान्स त्याला एकदाच मिळाला, तो खाटेवरचा.

"पण मेलेल्याचा काम लय कठीण, ताई," तो सांगायला लागला. "दम धरून ऱ्हवाचा. माका तोच जमणा नाय. कापूस गेलो ना छातीत. सात येळा घेतल्यानी. हिरो सात येळा वरडलो. माका मेल्याहून मेल्यासारखा झाला. शेवटाक तो सायब म्हणालो, चलेगा, कौन देखता है, सब हिरो को देखेंगे." तो हसला, खोकला, पाणी प्याला. मग पुढे वाकून त्यानं विचारलं, "तुमी बारकायेन बघतास, ही सांगता. खरा सांगा. तुमच्या लक्षात इला?"

मालननं सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात स्टोव्हपाशी बसलेली जानकी मागे न बघता म्हणाली, "त्यांच्या कसं लक्षात येणार? त्या तेव्हा रडत होत्या."

दशरथ मालनकडे बघत राहिला.

"हो," मालन म्हणाली. "रडू आलं मला."

 तो नुसता मान हलवत बसला. पुढे चहा झाला, बिस्किटं खाल्ली, मुलीनं शाळेतली वही दाखवली, पण मालनला त्यातलं काही दिसत नव्हतं. जानकी तिला रस्त्यापर्यंत सोडायला आली तेव्हा मालन रडायलाच लागली. "जानकी, मला सांगू दे गं त्यांना. मी पाया पडते त्यांच्या."

"कशाला?" जानकी म्हणाली. "तुला बरं वाटेल म्हणून? त्याचं काय होईल मग?" तिचा आवाज चढलाही नाही. "तो पिक्चर लागला तेव्हा मुलांना घेऊन तीनदा गेला तो. शेजाऱ्यांना नेलं. आता सांगायचं नाय. तुझ्याजवळच ठेव."

मालननं ठेवलं. पण आमच्या खात्यात तोवर ते नाटक सगळ्यांचं झालं होतं. कुणी टेबलावर डोकं टेकलं की मोनिका म्हणायची, "हिचा खाटेवरचा झाला बघ." कुणाला खोकला आला की सगळ्या मिळून पोट फुगवायच्या. मालन म्हणायची, पुरे गं आता. आम्हाला वाटायचं तिला भाव हवाय, म्हणून आणखी चेव यायचा. एकदा ती चिडून म्हणाली, "तुम्हाला दुसरं काही सुचत नाय का?" मोनिका म्हणाली, "तूच शिकवलंस ना!" मालननं मान खाली घालून खोकं भरायला घेतलं. का थांबायचं ते सांगितलं असतं तर आम्ही त्याच मिनिटाला थांबलो असतो. आणि मग सगळ्या जानकीकडे बघायला लागलो असतो, रोज.

मार्चमध्ये एका दुपारी मी बाकावर आडवी झाले. माझ्यासमोरच जानकी जेवत होती. मी एप्रन ओढला, पोट फुगवलं, आणि कुणी हसेना म्हणून खोकल्याची नक्कल जरा लांबवली, घशातून घरघर काढली. मला माझीच कमाल वाटत होती. डोळे उघडले तर वर मालनचा चेहरा, आणि तिनं सणकन माझ्या तोंडात मारली.

 सुपरवायझरनं तिला ऑफिसात नेलं. भांडण कशावरून, तर उत्तर नाही. पूर्वीचं काही वैर? नाही. माफी मागता का? "मागते," म्हणाली, आणि सगळ्यांसमोर माझी माफी मागितली. तरी मेमो मिळाला. वीस वर्षांच्या नोकरीतला पहिला. मी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, त्या बाईचं डोकं फिरलंय, लग्न झालं नाही की असं होतं. हे वाक्य मी खात्यातही दोघी-तिघींना ऐकवलं. मेमोनंतर महिन्याभरात मालननं स्वतः सांगून गोडाऊनला बदली करून घेतली. तिथे ती आणि दोन हमाल. आमचं बोलणं बंद झालं, आणि कॅन्टीनच्या खिडकीत पुन्हा कधी पुठ्ठा लागला नाही.

अठ्ठ्याऐंशीच्या एप्रिलमध्ये जानकीचा नवरा गेला. आम्ही चौघी-पाचजणी मरोशीला भेटायला गेलो. भिंतीवर हार घातलेला फोटो होता. त्यात तो हवालदाराच्या टोपीत, मिशी लावलेली, गालात हसतोय.

"पोलिसात होते का हे?" मी विचारलं.

"नाय गं. पिक्चरमध्ये काम करायचे. तो फोटो तिथलाच." जानकी माझ्याकडे बघून म्हणाली, "तो खाटेवरचा, तो हेच."

साधंच बोलली. कुणाचं गाव सांगावं तसं. मोनिकानं पदर तोंडाला लावला. मी फोटोकडे बघत राहिले, कारण दुसरीकडे कुठे बघावं ते समजेना. त्या घरात त्या माणसाची छाती दोन-अडीच वर्षं घरघरत होती, आणि ती घरघर काढून दाखवल्यावर कुणी हसेना म्हणून मी ती आणखी लांबवली होती.

दुसऱ्या दिवशी मी गोडाऊनला गेले. मालन खोक्यांना पट्ट्या बांधत होती. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "कळलं वाटतं."

मग तिनं हे सगळं सांगितलं. आणखीही एक सांगितलं. शहाऐंशी आणि सत्याऐंशी, दोन्ही वर्षी डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी ती मरोशीला जाऊन दशरथला यादी सांगून आली होती. त्याला तोवर चार पावलं चालवत नसे, थेटर सुटलंच होतं. मालन पाच पिक्चर पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायची, दोन-दोन तास, गाणी कुठे येतात त्यासकट. तो भांडायचा, हा दुसरा कसा, हा पहिला पाहिजे. आणि दर वेळी विचारायचा, सहावा कुठला?

"मग काय सांगायचीस?"

"म्हणायचे, यंदा नाय सापडला तसा."

मी म्हटलं, "मालन, तू केवढं केलंस त्यांच्यासाठी."

"तू पण तेच बोल," ती चिडून म्हणाली. "तो माझा हात धरून म्हणायचा, ताई, तुमी देवमाणूस. अगं, मला तिथनं उठून पळून जावंसं वाटायचं. मरेपर्यंत तो मला चांगली बाई समजत राहिला, सुहास. मी समजू दिलं."

तिनं पट्टी ओढून गाठ मारली. मी माझ्या नवऱ्याला तिच्याबद्दल काय बोलले होते, ते तिला सांगायचं म्हणून आले होते. सांगितलं. ती म्हणाली, "कानावर आलं होतं."

जानकीकडे जाऊन माफी मागायची राहिली होती. पावसाळ्याआधी एका रविवारी गेले. तिनं चहा टाकला. मुलगी दहावीला गेली म्हणाली, गणिताला कुठला क्लास चांगला ते विचारलं. मी माझ्या भाच्याच्या क्लासचा पत्ता लिहून दिला. दोनदा म्हटलं, "जानकी," आणि दोनदा तिनं वर बघितलं. दुसऱ्यांदा तिच्या लक्षात आलं असावं, कारण ती उठली आणि माझ्या कपात आणखी चहा ओतला. मी तो प्याले आणि घरी आले.