पायरीवरच भाषा ओळखायची

व्हरायटी चौकात कुणी शिंकलं, तर सीताबर्डीतल्या आमच्या साडीच्या दुकानात बसल्या जागी मी त्याची मातृभाषा सांगत असे. निदान मौद्याला घरी गेलो की मी असं सांगत असे, आणि तिथे ते खरं मानणारी माणसं भरपूर होती.

साल एकोणीसशे सत्तरच्या आगेमागे. आमच्या शेठजींचा एकच कायदा होता. गिऱ्हाइकाने पायरी चढून तोंड उघडायच्या आत आपण त्याच्या भाषेत 'या, बसा' म्हटलं पाहिजे. नागपूरच ते, एका दुपारी मराठी, हिंदी, मारवाडी, बंगाली, तेलुगू सगळं त्याच पायरीवरून वर यायचं. प्रत्येक भाषेतली पाच-सहा वाक्यं पुरत. एकदा आपल्या भाषेत 'या' ऐकलं की बाई पुढची सारी हिंदी माफ करते. काहीच अंदाज आला नाही तर मात्र सरळ हिंदी. शेठजी म्हणायचे, "हिंदी म्हणजे वरण. कोणाच्याबी ताटात चालते. पण नुसत्या वरणावर पाहुणा खूश होते का?"

मी पदरावरून ओळखायचो, चपलेवरून ओळखायचो, आणि सांगायला हरकत नाही, चप्पल नीट पाहायला मिळाली तर ती शिवणाऱ्याचं गावही ओळखायचो.

पण होतो अजून उमेदवार. उमेदवाराने साड्या उलगडायच्या, घड्या घालायच्या. कात्रीला हात लावायचा नाही. ब्लाउजपीस कापायचा तो पक्क्या माणसाने. शेठजी ज्या दिवशी आपली कात्री हातात देतील, त्या दिवशी नोकरी पक्की. नाहीतर लग्नसराई संपताच मौद्याची बस. आणि मौद्यात तर मी सांगून ठेवलेलं की दुकान मीच चालवतो, शेठजी नुसते गल्ल्यापाशी शोभेला बसतात. असं सांगून बसलेल्या माणसाला परत जाता येतं का हो?

त्या हिवाळ्यात एक लग्नाचा बस्ता आला. दोन्हीकडची माणसं मिळून कापडखरेदीला आली, म्हणजे अर्धं नागपूर आमच्या गादीवर. मुलाकडचे कळमेश्वरचे, मुलीकडचे अजनीच्या रेल्वे क्वार्टरमधले बंगाली, एवढं शेठजींना आधी कळलं होतं. ते माझ्या कानात म्हणाले, "दोन विहिणी आहेत. दोघींना सांभाळ. हा बस्ता गेला तर तूबी गेला."

चपलांचा पायरीखाली ढीग झालेला, त्यातून काही उमगेना. थंडी अशी की बायकांचे हात स्वेटरात आणि गळे शालीत. बांगड्या दिसेनात, मंगळसूत्र दिसेना. उरल्या साड्या. एकीची करवतकाठी टसर, आपल्या विदर्भाचीच. दुसरीची पांढरी, लाल काठाची. यात ओळखायचं काय होतं? आंधळ्यानेही ओळखलं असतं.

करवतकाठीवालीपुढे मी अस्सल वऱ्हाडीत वाकलो, "या माय, बसा. काय दाखवू?" बाई नवऱ्याकडे बघत राहिली. तो हिंदीत म्हणाला, "भाई, हम लोग बंगाली हैं."

तोवर माझी जीभ दुसरीकडे निघालीही होती. लाल काठाला मी म्हणालो, "आशुन मा, बोशुन." या आई, बसा. ती बाई अशी दचकली की मांडीवरची पिशवी खाली पडली. तिने आपल्या मालकाला, म्हणजे नवऱ्याला, कोपर मारलं. "पाहा! म्या म्हटलं नव्हतं? आतापासूनच सुरू झालं."

झालं होतं असं, की साखरपुड्यात विहिणींनी एकमेकींना आहेराच्या साड्या दिल्या होत्या, आणि मान राखायला दोघीही आज समोरचीने दिलेली साडी नेसून आल्या होत्या. मी बायकांच्या नव्हे, आहेराच्या भाषेत बोललो होतो.

कळमेश्वरचे मालक उठले. "आमचीच चेष्टा? चला हो, दुसरं दुकान पाहू." त्यांच्यामागे सगळी गादी उठू लागली. शेठजींचा चेहरा त्या पांढऱ्या साडीसारखा झाला. मला समोर मौद्याची बस दिसली. कंडक्टरसुद्धा ओळखीचा दिसला.

तेवढ्यात करवतकाठीवाली बंगालीण कडाडली, "बसा ना गा सारे! काहून उठून राहिले? त्या माणसाची काय चूक? साडीच तशी हाय!"

दुकानात टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. आमच्याकडे टाचण्या भरपूर होत्या. तिच्या नवऱ्याने कपाळाला हात लावला.

कळमेश्वरच्या विहीणबाई थेट तिच्यापाशी सरकल्या. "अवं बाई! तुमाले आपली बोली येते?"

"येनार नाही तं काय? अजनीतच जलमली मी. पन हे म्हनले, ते शिकलेले लोक हायेत, त्यांच्यासमोर गावठी बोलू नको."

"हे घ्या! आनि मी इकडं महिनाभर तुमच्यासाठी बंगाली घोकून राहिली! हा 'आशुन' म्हनला, मले वाटलं माही परीक्षाच सुरू झाली." त्यांचे डोळे भरून आले होते, आणि हसूही आवरत नव्हतं. "पोरीशी मी कसं बोलू, या काळजीनं झोप नव्हती वं मले."

"पोरीले तं माह्यापेक्षा चांगली येते," बंगालीण म्हणाली.

मग दोघी गादीवर मांडीला मांडी लावून बसल्या आणि शालू राहिले बाजूला, आपापल्या नवऱ्यांच्या तक्रारी उलगडू लागल्या. मालक कधी खाली बसले ते कुणी पाहिलंच नाही. चहा तीनदा आला. बस्ता असा झाला की कपाटं रिकामी होऊन मागची भिंत दिसली.

शेवटी ब्लाउजपीस कापायची वेळ आली. शेठजींनी माझ्याकडे न बघता कात्री गादीवरून माझ्यापुढे सरकवली. मी एवढा मोठा श्वास सोडला की वर टांगलेल्या साड्या हलल्या. पहिला काप वाकडा गेला. शेठजींनी तो तुकडा घडी घालून गठ्ठ्यात सरकवला.

दुसऱ्या दिवसापासून मी पायरीवरच विचारू लागलो, "बाई, कोणत्या भाषेत बोलू?" शेठजी कुरकुरले, "यात कसब कुठं आहे?" पण बायका खूश होऊन उत्तर देत, आणि काही जणी भलतीच भाषा सांगून माझी मजाही घेत.

मौद्याला जाऊन मी सांगितलं, दोन विहिणींना मी बोलतं केलं. इतक्या वर्षांत सांगितलेली ती एकच खरी गोष्ट. तिच्यावर कुणीही विश्वास ठेवला नाही.