खंडेनवमीपर्यंतचा आवाज

माझा धाकटा भाऊ मशीनला बोलायला शिकवायला निघाला, तेव्हा मी त्याला वेड्यात काढलं होतं. सातपूरला एका वर्कशॉपच्या माडीवर आमच्या दोघांची एक खोली होती. खाली लेथ चालायचे, वर आम्ही बहीणभाऊ कांदा निवडणाऱ्या मशीनचं सॉफ्टवेअर लिहायचो. पट्ट्यावरून कांदा जातो, वरचा कॅमेरा त्याला बघतो आणि आमचा प्रोग्राम ठरवतो, हा मोठ्यात, हा मध्यममध्ये, हा गोल्टीत, म्हणजे बारक्यात. काही अडलं की बझर वाजायचा. विंचूरच्या एका व्यापाऱ्याच्या खळ्यावर पहिलं मशीन लागलं आणि तिथे कामाला येणाऱ्या बायका त्या बझरला जाम वैतागल्या. एकदा वाजला तर कांदा अडकला, दोनदा वाजला तर पट्टा सरकला, लांब वाजला तर क्रेट भरला. "भाऊ, आमी कांदे निवडायचे का ह्याच्या शिट्ट्या मोजायच्या?" असं त्यातल्या एकीने त्याला तोंडावर सुनावलं.

त्याने ते मनावर घेतलं. मोबाइलवर स्वतःच्याच आवाजात सगळ्या सूचना बोलून रेकॉर्ड केल्या, त्याही आमच्या देवळ्याकडच्या अहिराणीत. "थांब माय, कांदा अडकना. हात नको घालू." "पट्टा सरकना शे, देख जरा." मी म्हटलं, अरे, त्या बायका निफाडकडच्या, त्यांना अहिराणी कशाला? तो म्हणाला, "ताई, मी शुद्ध बोलायला लागलो की बँकेतून फोन आल्यासारखं वाटतं." यावर काय बोलणार? पण मी बोललेच. फाइल केवढी फुगली, गिऱ्हाइकाने याचे वेगळे पैसे दिलेत का, वगैरे. मोठ्या बहिणीला बोलायला विषय लागत नाही.

इथे आमच्या कामाचं थोडं सांगावं लागेल, नाहीतर पुढे जे झालं ते कळायचं नाही. मोठा प्रोग्राम सगळंच स्वतः करत नाही. काही कामं वेगळ्या फाइलीत बांधून ठेवतात, तिला लायब्ररी म्हणतात. प्रोग्राम सुरू झाला की तो ती फाइल शोधतो, मेमरीत घेतो आणि मग तिच्याकडून काम करून घेतो. विंडोजवर तिचं नाव डीएलएल, लिनक्सवर एसओ, आणि बोलावण्याच्या तऱ्हाही वेगळ्या. आमच्या खोलीतले कॉम्प्युटर विंडोजचे होते, मशीनच्या पोटात बसवलेला छोटा कॉम्प्युटर लिनक्सचा. भावाने एकच प्रोग्राम असा लिहिला की सुरू होताना तो आधी आपण कुणाच्या घरात आहोत ते बघायचा आणि तिथल्या पद्धतीने लायब्ररीला हाक मारायचा. तिच्यात आवाज असले तर बोलायचा, नसले तर रडत न बसता बझर वाजवायचा. आवाज वेगळ्या फाइलींत ठेवले तर कुणीतरी पुसेल, म्हणून त्याने ते मशीनवरच्या लायब्ररीच्या पोटातच भरून टाकले होते. ही त्याची हुशारी.

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात डेंग्यूचं निमित्त झालं आणि तो गेला. त्याबद्दल मला जास्त लिहिता येत नाही. आई देवळ्याला, काकांच्या शेजारच्या घरात एकटी राहिली. भावाचा मोबाइल तिने चुलतभावाला देऊन टाकला, कारण तो वाजला की तिचा जीव खालीवर व्हायचा. चुलतभावाने तो साफ करून वापरायला घेतला. त्याला काय बोलायचं? जुना फोन हातात आला की सगळे तेच करतात. त्याचा लॅपटॉप मी ऑफिससाठी पुसून नव्याने बसवला. कोडची प्रत सर्व्हरवर होती, म्हटलं, काही जात नाही. आवाजाच्या फाइली मोठ्या म्हणून त्याने सर्व्हरवर चढवल्याच नव्हत्या, हे मला माहीत नव्हतं. मीच त्यांच्या आकारावरून त्याला टोमणे मारले होते.

पुढे लक्षात आलं की त्याचा आवाज घरात कुठेच नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर तो नेहमी टाइप करायचा. एका नातेवाइकाच्या लग्नाच्या व्हिडिओत तो दिसतो, हसतो, पण मागे बँड वाजत असतो. म्हणजे त्याचा आवाज फक्त विंचूरच्या खळ्यावर उरला होता. तिथे मात्र तो रोज बोलत होता. मी आईला म्हटलं, तिथल्या मुकादमाला सांगून फोनवर ऐकवू का? ती नको म्हणाली. तिला तेव्हा ते सोसणारं नव्हतं. मीसुद्धा जोर केला नाही, खरं तर मलाही नकोच होतं. विंचूरचं काम निघालं तरी मी ते सातपूरला बसून इंटरनेटवरून उरकायचे.

वर्षश्राद्ध झालं. पाहुणे गेले. आई भांडी आवरता आवरता म्हणाली, "मना आंडोर तठे बोलस ना? दसराले माले ली चाल. ऐकनं शे माले." माझा मुलगा तिकडे बोलतो ना, दसऱ्याला मला घेऊन चल, मला ऐकायचं आहे. इतक्या महिन्यांत तिने मागितलेली ही पहिली गोष्ट. दसऱ्यापर्यंत तिने मला दोनदा-तीनदा फोन करून आठवण करून दिली, जसं काही मी विसरणार होते.

आता वर्षश्राद्धाच्या आधीच्या उन्हाळ्यातलं सांगते. चैत्रानंतर उन्हाळ कांदा यायला लागला आणि व्यापाऱ्याने गोल्टीचं माप थोडं बदलून मागितलं. मी कोडमध्ये बदल केला, लायब्ररीही नव्याने बांधली गेली, आणि सातपूरहूनच मशीनवर चढवली. मशीनमधलं मेमरी कार्ड लहान, म्हणून चढवताना जुनी फाइल पुसून त्याच नावाची नवी ठेवली जायची. माझ्या कॉम्प्युटरवर आवाजाच्या फाइली नव्हत्याच, त्यामुळे नवी लायब्ररी मुकी तयार झाली, आणि तसं मला सांगणारं कुणी नव्हतं. माप तेवढं वेगळ्या फाइलीतून वाचलं जायचं, ते लगेच लागू झालं. मी मुकादमाला फोन करून विचारलं, "नीट चाललंय ना?" तो म्हणाला, "एकदम झकास, मॅडम." आणि त्याच्या मागून मला माझ्या भावाचा आवाज ऐकू आला. "क्रेट भरना, दुसरा लाव." मी म्हटलं, लागली नवी लायब्ररी. आणि फोन ठेवून पटकन दुसऱ्या कामाला लागले, कारण डोळे भरून आले होते.

पण तो आवाज नव्या लायब्ररीतून आलाच नव्हता. विंडोज असता तर त्याने मला फाइल बदलूच दिली नसती. 'वापरात आहे, आधी प्रोग्राम बंद करा' म्हणून अडून बसला असता, मी त्याला शिव्या घातल्या असत्या आणि त्या शिव्यांतच वाचले असते. लिनक्स तसं अडवत नाही. तो दारावरची पाटी बदलू देतो, आतला माणूस मात्र आतच राहतो. फाइल पुसली तरी चालू प्रोग्रामने मेमरीत घेतलेली जुनी लायब्ररी जिवंत असते, जोवर तो प्रोग्राम बंद होत नाही तोवर. आणि खळ्यावर तो बंद कोण करणार? रात्री पट्टे थांबायचे, पण कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर तसाच सुरू ठेवायचे. चालतंय ना, मग हात लावायचा नाही, हा तिथला कायदा. अख्खा उन्हाळा आणि अख्खा पावसाळा माझा भाऊ अशा फाइलीतून बोलत होता जी जगात नव्हती.

हे सगळं मला नंतर कळलं. वाईट याचं वाटतं की त्या महिन्यांत केव्हाही, एका ओळीच्या कमांडने ती लायब्ररी मेमरीतून परत काढता आली असती. मला ती कमांड येते. दुसऱ्यांना शिकवलीही आहे.

खंडेनवमीला मी खळ्यावर गेले. दर वर्षी भाऊ जायचा. त्या दिवशी हत्यारांना विश्रांती. काटे, क्रेट, ट्रॅक्टर, सगळं धुऊन पुसून ठेवलेलं होतं. मशीनला झेंडूची माळ घालायची म्हणजे ते आधी बंद हवं, चालू मशीनची पूजा कुणी करत नाही. मुकादम म्हणाला, "मॅडम, तुमच्याच हातानं बंद करा. भाऊच करायचे." मी पडद्यावर बोट ठेवलं. बंद होताना वाजायचं एक वाक्य त्याने भरून ठेवलेलं होतं, ते वाजलं. "चाल माय, आते आराम कर." बायकांनी पदर सावरून हात जोडले. मीही जोडले. मला बरं वाटलं होतं, हे सांगितलं पाहिजे. उद्या आई हे ऐकणार, एवढंच माझ्या मनात होतं. मग कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, आणि खोबरं खात मी नाशिकला परत आले.

दसऱ्याला पहाटेच निघून आईला देवळ्याहून घेतलं आणि चांदवडमार्गे विंचूरला आणलं. तिने माझ्या भावाने घेतलेली साडी नेसली होती. रस्ताभर ती एकदाच बोलली, "जोरबन बोलस का हाऊ हाऊ?" मोठ्याने बोलतो की हळूहळू, असं तिला विचारायचं होतं. मी म्हटलं, मोठ्याने, मशीनच्या आवाजावर जायला हवा ना.

खळ्यावर सुट्टी होती, तरी कामाच्या बायका मुद्दाम आल्या होत्या, चांगल्या साड्या नेसून. भाऊची आई येणार म्हणून त्यांनीच आदल्या दिवशी ठरवलं होतं. आईला मशीनच्या अगदी समोर खुर्ची दिली. मुकादमाने बटण दाबलं. पट्टा हलला. एका बाईने हसत हसत दोन मोठे कांदे मुद्दाम कोपऱ्यात अडकवले.

बझर वाजला.

"परत लाव," मी म्हटलं. परत अडकवला, परत बझर. आई खुर्चीत पुढे वाकून बसली होती. तिला वाटलं, आधी बझर वाजतो आणि मग तो बोलतो. ती वाट बघत राहिली. मी लॅपटॉप जोडला. लायब्ररी सापडली होती, उघडली होती, कुठे काही चूक नव्हती. तिच्यावर तारीख उन्हाळ्यातली होती, आणि आकार एवढासा. तो आकार बघितला आणि मला सगळं एकदम कळलं. पुढे मी कार्डातून पुसलेली फाइल काढायचाही खटाटोप केला, पण प्रोग्राम बंद होताच मोकळी झालेली जागा साफ करायची अशीच त्या कार्डाची मांडणी होती, काही उरलं नव्हतं.

आईसमोर बसून मी सांगितलं, की आवाज गेला. कसा गेला हे सांगायला लागले आणि मध्येच थांबले. काल तो बोलला, आज नाही, आणि बंद मी केलं, एवढंच तिला कळण्यासारखं होतं. ती म्हणाली, "काल ऊना ऱ्हातू ते?" काल आलो असतो तर? मी मान डोलावली. तिने पदर तोंडाला लावला.

मग बझरवरून भावाला सुनावणारी ती बाई पुढे झाली. "माय, आमाला सगळं पाठ हाय," ती म्हणाली, आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "थांब माय, कांदा अडकना!" दुसरीने तिला ढकललं. "असं नाय, भाऊ लय लाडात म्हनायचे," आणि तिने म्हणून दाखवलं. मग सगळ्याच लागल्या. निफाडकडच्या बायका मोडक्यातोडक्या अहिराणीत माझ्या भावाची नक्कल करत होत्या, आणि एकमेकींना दुरुस्त करत होत्या. आई हसली. रडत हसली. तिने त्या सगळ्यांना सोनं दिलं, आपट्याची पानं तिने पिशवीतून आणली होती.

परतीच्या वाटेवर लासलगाव मागे पडल्यावर ती म्हणाली, "तू बोली दखाड ना एकदा." मी गाडी चालवता चालवता म्हटलं, "थांब माय, कांदा अडकना." माझ्या तोंडून ते पाठ केलेल्या धड्यासारखं आलं. नाशकात इतकी वर्षं काढल्यावर दुसरं काय येणार? आई म्हणाली, "आसं नै." आणि तिने ते स्वतः म्हटलं. "थांब माय. हात नको घालू." 'माय' वर थोडं थांबून, शेवट जरा खाली सोडून. अगदी तस्संच. तो आवाज मी त्याच्या तोंडून ऐकला होता, आणि त्याच्याही आधी लहानपणी, चुलीपाशी, विहिरीपाशी, तिच्याच तोंडून. तो तिचंच बोलणं घेऊन गेला होता मशीनमध्ये.

मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. फोन काढला, रेकॉर्डिंगचं बटण दाबलं आणि तिच्यासमोर धरला. म्हटलं, "आई, परत एकदा म्हण ना. तसंच."

तिने फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझा हात फोनसकट खाली करत ती म्हणाली, "मना आवाज कसाले भरी ठेवस? मी शे ना आजून."