प्रल्हादची मूठ

प्रल्हाद गेल्याचं त्याच्या बायकोनं, सुमनवहिनींनी, फोनवर सांगितलं, तेव्हा मी नुसतं "बरं" म्हणालो. फोन ठेवल्यावर उगाच डाव्या हाताची मूठ आवळून पाहिली... का, ते लिहायचं मी दीड महिना टाळतोय.

प्रल्हाद पिंगळीचा, मी पाथरीचा. पुण्यात शिकताना वसतिगृहाच्या एकाच खोलीत राहिलो. तो एम.एस्सी. करायचा, मी पीएच.डी. माझा विषय रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा. शरीरात काही घुसलं की या पेशी चेततात आणि मग त्यांच्या अंगावर कोलॅजेन पकडणारे ग्राही उगवतात. कोलॅजेन म्हणजे आपली कातडी, सांधे, फुप्फुसं ज्या धाग्यांवर उभी आहेत ते. आणि ग्राही म्हणजे पेशीचे हात म्हणा. शांत पेशींवर हे हात फारसे नसतात. पेशी चेतली की आत एका रेणूकडून दुसऱ्याकडे निरोप जातो. निरोपाची एक वाट हे हात वाढवते, दुसरी त्यांना आवरून धरते. एकेक वाट औषधानं बंद करायची आणि काय होतं ते पाहायचं, हे माझं काम.

त्यासाठी निरोगी माणसाचं ताजं रक्त लागे, आणि आमच्याकडची रीत अशी की ते मित्रांकडूनच घ्यायचं. बदल्यात कँटीनमधले पोहे. प्रल्हाद हौसेनं यायचा. "पोह्यावर रक्त इकायलोय बघ," म्हणत बाही दुमडायचा, डावा हात पुढं करायचा आणि मी सांगण्याआधीच मूठ आवळायचा. नंतर हमखास विचारणार, "काय म्हणायल्यात माझ्या पेशी?"

एकदा त्याच्या पेशी भलतंच म्हणाल्या. मी त्यांना चेतवलं नव्हतं, तरी हात उगवलेले. नमुना खराब झाला असेल म्हणून त्याला परत बोलावलं. परत तेच. म्हणजे त्या त्याच्या अंगातच कशानं तरी चेतलेल्या असाव्यात. हे मला तेव्हाच कळलं होतं. नंतर सुचलं असं म्हणालो तर ते खोटं होईल. पण शोधनिबंध पुरा होत आला होता, आणि सरांना सांगितलं असतं तर सगळ्यांचं रक्त नव्यानं तपासावं लागलं असतं. मी प्रल्हादचे आकडे गाळले. विचित्र नमुने असे गाळले जातात, कुणी विचारत नाही. प्रल्हादनं मात्र विचारलं. मी म्हणालो, "चांगलं आहे रे तुझं रक्त. आता बास झालं."

प्रयोगातल्या आकड्यावरून कुणाचा आजार ठरत नाही, असं मी स्वतःला कितीदा तरी ऐकवलंय. खरंही आहे ते. पण एकदा डॉक्टरला दाखव, एवढं म्हणायला काय लागत होतं?

पुढे तो पिंगळीत राहून परभणीच्या कॉलेजात शिकवायला लागला. बरीच वर्षं बरी गेली, मग सांधे धरले. आमवाताचं, म्हणजे चेतलेल्या पेशी आपल्याच सांध्यांवर उठतात त्या आजाराचं, निदान झालं तोवर बोटं वाकडी झाली होती. नंतर फुप्फुसंही घट्ट होत गेली. शेवटच्या भेटीत मला घ्यायला पिंगळी स्टेशनवर रिक्षानं आला. स्कूटरचा ब्रेक दाबवत न्हाई आता, म्हणून हसला, आणि त्या हसण्यानंही त्याला धाप लागली. तेव्हाही मी बोललो नाही.

तेराव्यानंतर एका सकाळी त्याच्या घरी गेलो. ओसरीवर चहा देताना वहिनी सांगत होत्या, सकाळी उठल्यावर त्याची मूठ मिटायची नाही; मग खांबाशी पाटावर बसून, त्या रोज तापवून ठेवत त्या पातेल्यातल्या गरम पाण्यात बोटं बुडवायचा, मिटेपर्यंत. "तवापासून मी म्हणायले, दवाखान्यात चला. तर म्हणायचे, माझं रक्त श्रीधरनं मशीनमधी बघितलंय. काय असतं तर त्यो बोलला नसता का? लय वर्षं हेच ऐकलं, भाऊजी. लय भरवसा होता तुमच्यावर."

त्यांना बोल लावायचा नव्हता. त्या माझं कौतुक करत होत्या.

मग मी सगळं सांगितलं. इथं लिहिलंय तेच, पण तुटक तुटक. वहिनी रडल्या नाहीत. कपातली साय बोटानं बाजूला करत राहिल्या. मग म्हणाल्या, "मग तवाच का न्हाई सांगितलं?" आणि उत्तराला न थांबता आत निघून गेल्या.

उठलो तेव्हा खांबाशी, त्याच्या पाटापुढं, ते पातेलं दिसलं. काठोकाठ भरलेलं. हात घालून पाहिला... पाणी अजून कोमट होतं.