सखारामचे उघडे हात

सन १९५७. मी वीस वर्षांचा होतो, म्हणजे आईनं शिमग्यावरून धरलेल्या अंदाजानं वीस. त्या वर्षी सखारामनं माझं ठरलेलं लग्न मोडता मोडता वाचवलं. तो सखाराम मागच्या महिन्यात गेला... संत तुकाराम नगरातून त्याच्या मुलाचा फोन आला, "काका, बाबा पहाटे झोपेतच गेले." मी "बरं" म्हणालो आणि फोन ठेवला. माणूस गेल्यावर बरं म्हणतात का, म्हणून सून रागावली. मला दुसरा शब्द सुचला नाही. चौथीत शाळा सोडलेला माणूस मी. पण त्याच्यावर कुणीतरी लिहायला हवं आणि त्याला माझ्याइतकं ओळखणारं आता कुणी उरलं नाही. चुका काढायच्या त्यांनी खुशाल काढाव्यात.

पिंपरीत तेव्हा एका कारखान्याचं बांधकाम चाललं होतं. मी महाळुंग्याचा, तो बीडकडचा. एकाच मिस्तरीच्या हाताखाली घमेली वाहायचो. दुपारची भाकरी झाली की सखाराम रुमाल पसरायचा. मधोमध एक नाणं ठेवून चारी टोकं गोळा करायचा आणि ते गाठोडं माझ्या मुठीत द्यायचा. "हाय का?" "हाय." "दाब." मी दाबायचो, नाण्याची कड बोटाला लागायची. मग एक टोक धरून तो रुमाल हलकेच ओढायचा, आणि रुमाल मोकळा. नाणं कुठं म्हणेपर्यंत समोरच्या रिकाम्या जर्मनच्या ताटलीत टण्णकन वाजायचं. हात तर दोन्ही माझ्यासमोर उघडे. मी शंभरदा पाहिलं असेल, शंभरदा अंगावर काटा आला. कसं करतोस म्हणून कधी विचारलं नाही. विचारणं माझ्या स्वभावात नाही. एकदा तोच आपणहून म्हणाला, "उस्तादाच्या पायाची आण घेतलीय, भाऊ. सांगितलं तर ह्या हातात राहिलं काय?" सुट्टीच्या दिवशी तो आठवडे बाजारात हाच खेळ करायचा, त्यावर गावाकडं त्याच्या आईचं चालायचं. चाकणच्या बाजारात तर त्यानं पुढं तीस वर्षं हाच खेळ केला.

माझी सुपारी फुटायची होती पुनावळ्याला, मुलीच्या घरी. सखारामला मी हट्टानं बैलगाडीत घातला. मुलीला वडील नव्हते, कारभार सगळा चुलत्यांचा. त्यांना सगळे तात्या म्हणत. बैठक भरली, पानसुपारी फिरली. मुलीच्या ओटीत घालायचा चांदीचा रुपया आमच्याकडून हळदीकुंकू लावून ताटात ठेवला होता. आणि माझ्या अंगात आलं. असला दोस्त पुऱ्या मावळात कुणाला नाही, हे सासुरवाडीला दाखवायचं होतं. मी ताटातला तो रुपया उचलला.

"सख्या, दाखव ह्यांना."

"ह्यो नको, भाऊ. ओटीचा हाय. माझ्याकडं हाय की नाणं."

"चांदीचाच दाखव."

चूक माझी होती, हे आधी लिहून ठेवतो. सखारामनं गाठोडं तात्यांच्याच मुठीत दिलं, रुमाल ओढला, आणि रुपया ताटात वाजला. पोरं हसली. मोठं कुणीच हसलं नाही. तात्यांनी हात धोतराला पुसला.

"करणी हाय ही. असला रुपया आमच्या पोरीच्या ओटीत पडायचा न्हाई."

वडील म्हणाले, "दुसरा ठेवतो, तात्या."

"रुपया बदलाल, जावई कुठनं बदलाल? आज रुपया घातला रुमालात, उद्या पोरगी घालंल. उठा समदी."

त्यांची माणसं खरंच उठायला लागली. मी नवरदेव, मी बोलायला हवं होतं. मी मान खाली घालून घोंगडीची दशी ओढत बसलो.

तेवढ्यात सखारामनं सदरा काढला. उघड्या अंगानं तो तात्यांच्या पुढ्यात मांडी घालून बसला. "करणी न्हाई, तात्या. हात हाय नुसता. आता सावकाश करतो, बघा... हितं हाय. आता हितनं निघालं. आता बघा कुठं गेलं."

कसं, ते मी लिहिणार नाही. एवढंच सांगतो, गुपित कळलं की नवल संपतं असं मला वाटायचं. उलट झालं. विटा वाहून फुटलेली ती बोटं, आणि त्यांच्यातून नाणं पाण्यासारखं वाहत होतं... कुठून कुठं जाणार हे तो आधी सांगत होता, तरी डोळा मागंच राहत होता.  दाराआड बायका दाटल्या होत्या. तात्यांनी तीनदा करायला लावलं. मग त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, उलटा केला, सुलटा केला.

"किती वर्सं लागली?"

"नऊ."

"आन येवढं आमच्याम्होरं उघडं केलंस?"

"लगीन मोडत व्हतं, तात्या."

 तात्यांनी मुलीला बाहेर बोलावलं आणि तोच रुपया ओटीत घालायला लावला.

जेवणं झाल्यावर सखाराम गाडीच्या जुवावर बसला होता, दोन्ही हात मांडीवर पालथे टाकून. म्हणाला, "चाळीस माणसांनी बघितलं. निम्मी चाकणच्या बाजाराला येत्यात. एकानं जरी सांगितलं तरी खेळ मिटला." मग हसला. "घमेली हायेत की, भाऊ." माझ्या तोंडून माफीचा शब्द निघाला नाही. तो माझ्या तोंडून कधीच निघालेला नाही.

आमची माणसं त्या रात्री तिथंच मुक्कामाला होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी महादेवाच्या देवळामागचा बेल तोडला, तात्यांच्या देव्हाऱ्यातला भंडारा मागून घेतला आणि ताट घेऊन पहिल्या घरापासून निघालो. काल जे दिसलं ते मरेपर्यंत कुणाला सांगणार नाही, असं म्हणवून एकेकाला बेलभंडार उचलायला लावला. आमच्या वऱ्हाडालाही सोडलं नाही. एक म्हातारी म्हणाली, "मला दिसतच न्हाई रं, मी काय बघितलं?" म्हटलं, तरी उचल, आजी. तात्यांनी न सांगता उचलला. लग्नाआधी नवरदेवानं मुलीशी बोलायची रीत नव्हती, पण दाराआडून आवाज आला, "मी पण बघितलंय," आणि बांगड्यांचा एक हात पुढं आला. ती आज माझ्या घरात आहे. तिनं मलासुद्धा त्या विषयावर कधी चकार शब्द काढू दिला नाही. सगळी घरं झाल्यावर एकच माणूस उरला. मी ताट जमिनीवर ठेवलं, पायातल्या वहाणा काढल्या आणि बेलभंडार उचलला.