नाबर बाईंचा डावा हात

मुख्याध्यापकपद नको असेल, तर तसं लेखी द्यावं लागतं. मी ते लिहून पर्समध्ये ठेवलं होतं. कारण लिहिलं होतं, 'कौटुंबिक अडचण'. घरात अडचण कसली? मुलगी नोकरीला लागलेली, नवरा आपला चहा आपण करून घेणारा. खरी अडचण भीतीची होती. वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी अख्खी शाळा आपल्याला झेपणार नाही, असं मनाने घेतलं होतं. पण हे अर्जात कसं लिहिणार?

सोमवारी कागद संस्थेच्या कार्यालयात द्यायचा होता. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर परळहून बस पकडली आणि गिरगावात कालिंदी नाबर बाईंकडे गेले. त्यांना न सांगता नकार दिला असता, तर त्यांनी मला जन्मभर ऐकवलं असतं.

नाबर बाई आमच्या शाळेत अकरा वर्षं मुख्याध्यापिका होत्या. उंची जेमतेम पाच फूट. नेसायला सुती साडी, हातात पुरुषांचं घड्याळ आणि पदराला कायम खडूची पूड. जिन्यात त्यांच्या चपला वाजल्या की शिक्षकांच्या खोलीतल्या गप्पा बंद व्हायच्या. आमचे तास बघायला आल्या की खुर्ची नाकारायच्या आणि शेवटच्या बाकावर मुलांच्या मध्ये बसायच्या. मुलं सरकून जागा देत. मग लॉगबुकात शेरा पडायचा. माझ्या पहिल्या तासावर त्यांनी लिहिलं होतं, "अक्षर सुंदर. पाऊण तास फळ्याला शिकवले. मुलांनाही शिकवून बघावे." मी स्वच्छतागृहात जाऊन रडले होते. आज तो शेरा मला तोंडपाठ आहे आणि तो आठवला की हसू येतं.

तेव्हा एकेका वर्गात साठ-बासष्ट पोरं असत. गल्लीत कुठेतरी मिरच्या कुटायला घेतल्या की सगळा वर्ग एकदम शिंकायचा आणि मी पाढे थांबवून खिडक्या लावायची. आज माझ्या वर्गात एकोणीस मुलं आहेत. शिंका ऐकू येतात, पण त्यांना तो दणका नाही.

एकोणीसशे अठ्ठ्याण्णवची गोष्ट. मला नोकरीला लागून दुसरं वर्ष होतं आणि कायम व्हायचं होतं. तपासणीला शिक्षण खात्याचे साहेब येणार होते, तेही नेमके माझ्या सहावीच्या गणितावर. लालबागच्या आमच्या खोलीत मी रात्रभर कूस बदलत होते. शेवटी बाबा उठून बसले. गिरणी बंद पडल्यापासून त्यांचीही झोप उडालेलीच होती. म्हणाले, "गो, इतक्या घाबरतंस कित्याक? पोरांकाच शिकवूचा हा ना?"

पण मी शिक्षकांची जुनी युक्ती करायचं ठरवलंच होतं. प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचा. उत्तर येत असेल त्याने उजवा, येत नसेल त्याने डावा. साहेबांना हातांचं रान दिसतं आणि आपण बिनधास्त उजव्या हाताचं मूल उभं करायचं.

सकाळी मुलांसमोर उभी राहून घाईघाईने सांगितलं, "येतंय त्यांनी हा हात, येत नाही त्यांनी हा." डावं-उजवं म्हणायला वेळ कुणाला होता? मी माझे हात दाखवले. मुलं माझ्याकडे तोंड करून बसलेली. माझा उजवा हात ज्या बाजूला दिसला, त्या बाजूचा त्यांनी धरला, म्हणजे आपला डावा. सगळंच उलटं झालं आणि मला पत्ताच नाही.

अपूर्णांकांचा भागाकार होता. साहेब आणि नाबर बाई शेवटच्या बाकावर. मी विचारलं, "तीन भागिले एक छेद दोन किती?" बासष्ट हात वर. उजवा बघून हितेंद्रला उठवलं. तो छताकडे बघत राहिला. दुसऱ्या उजव्याला उठवलं. तो म्हणाला, "दीड." तिसरीला रडूच फुटलं. साहेब वहीत काहीतरी लिहायला लागले. नोकरी गेलीच, असं मी धरून चालले.

तेवढ्यात शेवटच्या बाकावरून आणखी एक हात वर झाला. डावा. नाबर बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बाई, भागायचं असताना आपण छेद वर घेऊन गुणतो. ते का, ते मला समजलं नाही. परत सांगाल?"

मुख्याध्यापिकेला समजलं नाही, हे मुलांनी कधी ऐकलंच नव्हतं. मी डब्यातल्या तीन भाकऱ्या काढल्या. टेबलावर ठेवून म्हटलं, "अर्धी अर्धी वाटली, तर किती जणांना पुरेल?" भाकऱ्या मोडायला लागले आणि मुलं ओरडून मोजायला लागली. सहा झाल्यावर हितेंद्र सगळ्यांच्या वरताण ओरडला. साहेबही हसले. मी कायम झाले.

दुसऱ्या दिवशी सभेत बाईंनी नियम केला की आमच्या शाळेत डावा हात म्हणजे 'समजलं नाही', आणि तो लपवून नाही, उघड करायचा, शिक्षकांनीसुद्धा. बाई निवृत्त झाल्या आणि शिक्षकांचे हात हळूहळू खाली आले. मुलं मात्र अजून करतात.

त्या शनिवारी गिरगावात बाईंनी दाराची कडी काढली, चहा टाकला, खारी पुढे केली. मी अर्ज दिला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला. मग डावा हात वर केला.

"बाई, प्लीज," मी म्हटलं.

"समजलं नाही. परत सांग."

"मला नाही जमणार. तुमच्यासारखं नाही मला येत. ऑनलाइन हजेरी, ते नवीन अहवाल, निम्मं कळत नाही. त्या दिवशी वर्गात तुम्ही मला वाचवलंत. मी कुणाला कशी वाचवणार?"

बाईंनी हात खाली घेतला. "वाचवलं? कुणी सांगितलं तुला?"

"तुम्ही मुद्दाम विचारलंत ना?"

"मुद्दाम कसलं, रुपाली? मला खरंच माहीत नव्हतं. वीस वर्षं मी ते तसंच शिकवत होते. उलटा आणि गुणा. का, ते मला कुणी सांगितलं नव्हतं आणि विचारायची लाज वाटायची. त्या दिवशी तिसरी पोरगी रडली तेव्हा वाटलं, आता पुरे. तुझ्या भाकऱ्या मोडल्या तेव्हा कळलं मला."

सव्वीस वर्षं मी त्या हाताचे उपकार मानत आले होते. चहावर साय धरली होती, ती बाजूला करून मी चहा प्यायले. निघताना मी अर्ज मागितला. बाईंनी तो चारपदरी घडी घालून हलणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवला होता.

पदभार घेतल्यावरच्या पहिल्या सोमवारी मी शिक्षकांची सभा घेतली. पुष्कर सर, आमच्यातले सगळ्यांत तरुण, ऑनलाइन हजेरी कशी भरायची ते भराभर सांगत होते. चौदा शिक्षक माना डोलवत होते. मी मुख्याध्यापिकेच्या खुर्चीवरून उठले आणि डावा हात वर केला.

"सर, मला समजलं नाही. परत सांगाल?"

पुष्कर सर गडबडले. मग दाराजवळून एक डावा हात वर आला. मग आणखी तीन.